आवाजाचा पत्ता

मानवजातीच्या इतिहासात मोठे शोध दोनच लागले. पहिला आगीचा. दुसरा, माणसाला कान दोन आहेत, हा. पहिल्यामुळे माणूस शिजवून खाऊ लागला आणि दुसऱ्यामुळे त्याला कळू लागलं की आपल्याला कोण कुठून हाक मारतंय. बाकीच्या संस्कृतीने यात किरकोळ भर घातली.

हे विचार आमचे शेजारी नरहरी यांचे. मी ते त्यांच्या उजव्या बाजूला बसून ऐकले, कारण डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही.

नरहरींनी टेलिव्हिजनमध्ये बत्तीस वर्षं आवाज सांभाळला. डावा कान कसा गेला, असं विचारलं तर सांगतात की स्टुडिओत डाव्या बाजूला निर्माते बसत. मूळचे परभणीचे. निवृत्त झाल्यावर ते आणि शारदावहिनी कोळवणच्या खोऱ्यात आमच्या शेजारी येऊन राहिले. मला इथे सगळे गुरुजी म्हणतात. मी कधी कुणाला काही शिकवलेलं नाही, पण चष्मा आहे आणि दुपारी मोकळा असतो. गावाला तेवढं पुरतं.

यंदा भात पोटरीला आलं होतं, तेव्हाची गोष्ट. नरहरींच्या जुन्या चॅनेलमधून अपूर्वा नावाच्या मुलीचा फोन आला. फोन स्पीकरवर होता. नरहरींचे सगळेच फोन स्पीकरवर असतात, त्यामुळे मला गावातलं बरंच काही माहीत आहे.

"सर, दिवाळीला आपण जुने कार्यक्रम पुन्हा दाखवतोय. तुम्ही कोळवणला रेकॉर्ड केलेलं ते लग्न आहे ना, अठ्ठ्याऐंशी सालचं? ते घेतलंय. पण ते मोनो आहे, सर. थोडा स्टिरिओ फील हवाय. आम्ही कॉम्प्युटरवर करून बघितलं, तर बाई विहिरीतून गातेय असं वाटतं."

"पाठवून दे," नरहरी म्हणाले, आणि फोन ठेवून माझ्याकडे वळले. "गुरुजी, मला एक डावा कान लागेल."

अशी माझी नेमणूक झाली.

मोनो म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. एकच मायक्रोफोन, सगळे आवाज एकाच दोरीवर वाळत घातलेले. कोण डावीकडे होता, कोण उजवीकडे, कोण मागे, याची नोंदच नाही. पुढे दोन स्पीकरचे टीव्ही आले आणि लोकांनी चॅनेलला पत्रं लिहिली, की दोन स्पीकर घ्यायला लावलेत आणि दोन्हीतून येतंय ते एकच. तेव्हा एक राखाडी पेटी आली. ती भंगारात निघाली, त्या वेळी नरहरींनी रीतसर अर्ज करून ती घरी आणली. आता ती त्यांच्या व्हरांड्यात टेबलावर असते आणि शारदावहिनी तिच्यावर पापड वाळवत नाहीत, एवढाच तिचा मान.

"ही आवाजाची फणी आहे," नरहरी म्हणाले. "काही सूर डावीकडे विंचरते, त्यांच्या मधले उजवीकडे. कानाला वाटतं, आवाज पसरलाय."

"म्हणजे फसवणूक."

"फसवणूक म्हणू नका. डाव्या-उजव्याची बेरीज करा, मूळचा आवाज जसाच्या तसा परत मिळतो. अशी फसवणूक दुसरी दाखवा मला."

मी बराच विचार केला. त्या दिवशीचं वर्तमानपत्रही चाळलं. नाही सापडली.

या पेटीचा एक नियम होता, आणि तो नरहरींनी नोकरीभर पाळला. वारा पसरायचा, भांडी पसरायची, बैलांच्या घंटा हव्या तेवढ्या पसरायच्या. पण माणूस हलवायचा नाही. ज्याचं तोंड समोर दिसतंय, त्याचा आवाज मधोमधच राहिला पाहिजे. सुरुवातीला कुणीतरी बातम्या देणाऱ्या माणसावर पेटी लावली होती. त्याचे 'स' आणि 'श' उजवीकडे गेले आणि उरलेला माणूस डावीकडे. प्रेक्षकांची एकही तक्रार आली नाही. त्याच्या बायकोची आली.

दुसऱ्या दिवशी आम्ही कामाला बसलो. नरहरी उजवा कान, मी डावा. कार्यक्रमात घाणा भरण्याचा प्रसंग होता. लग्नाआधी सवाष्णी उखळात हळकुंडं कांडतात, दोन मुसळं खणाने आणि आंब्याच्या पानांनी एकत्र बांधलेली असतात, आणि गाणी म्हणतात, ते. ओटीवर उखळ, भोवती पाच बायका, मध्ये गोजराबाई. अडतीस वर्षांच्या, कपाळभर कुंकू, हातभर चुडा. आणि तो आवाज! उंच, सरळ, कुठे थरथर नाही. या गाण्यावर गोजराबाईंना चॅनेलचं सर्टिफिकेट मिळालं होतं. रिहे गावच्या रस्त्यापासून त्यांच्या घरापर्यंत तीन ठिकाणी बोर्ड आहेत: 'टीव्हीवर गाजलेल्या गोजराबाईंचं घर. चुलीवरचं जेवण. स्विमिंग पूलचं काम चालू आहे.' पुण्याचे पाहुणे जेवून झाल्यावर म्हणतात, आजी, ते गाणं म्हणा ना. गोजराबाई म्हणतात, घसा बसलाय. तो सदतीस वर्षं बसलेला आहे.

नरहरींनी चार वेळा तेवढाच तुकडा लावला. मग पेटी बंद केली.

"ही बाई ओटीवर नाही."

"दिसतेय की समोर."

"दिसतेय. मुसळ ओटीवर आहे, बांगड्या ओटीवर आहेत. त्यांचा आवाज कोरडा आहे, उघड्यावरचा. गाण्याला मागे शेपूट आहे. ते भिंतींना लागून बाहेर आलंय. गाणारी बाई आतल्या खोलीत आहे."

मग आम्ही आवाज बंद करून नुसतं चित्र बघितलं, मग पुन्हा दोन्ही. एका ठिकाणी कुणीतरी काहीतरी चेष्टा केली असावी. गोजराबाई तोंडाला पदर लावून हसल्या. गाणं मात्र थांबलं नाही, एक मात्रासुद्धा नाही.

हा कार्यक्रम तीनदा दाखवला गेला होता. सर्टिफिकेट देणाऱ्यांनीही तो बघितला असणार. माणसं बघायला लागली की ऐकत नाहीत.

नरहरींनी चित्र थांबवलं. मग म्हणाले, "मी तिथे होतो, गुरुजी. उखळापासून पाच हातांवर. हेडफोन लावून. तेव्हा दोन्ही कान होते मला."

"मग?"

"डावीकडे निर्माते बोलत होते."

संध्याकाळी आम्ही बांधाबांधाने गोजराबाईंकडे गेलो. त्यांचा मुलगा निरंजन अंगणात होता. पंचेचाळिशीचा, मोकळा माणूस, हॉटेल काढल्यापासून तो सगळ्यांना जेवायलाच आले असं धरून चालतो.

"या गुरुजी! साहेब, या की. आवो, आदी फोन तरी करायचा. आता फकस्त पिठलं हाय."

"जेवायला नाही आलो. गोजराबाईंना एक विचारायचंय."

गोजराबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. नरहरींकडे बघून म्हणाल्या, "तुमी तवा लई बारीक व्हता."

"गोजराबाई, त्या दिवशी तुम्ही कुठे उभ्या होतात?"

"उखळापशी. टीव्हीत दिसतंय की."

"आणि आवाज कुठे उभा होता?"

गोजराबाईंचा हात थांबला. "निरंजन, पूलाची मोटार बघ. पानी वाहतंय."

"आय, पूलात आजून पानी सोडलंच न्हाई."

"मग सोड."

निरंजन गेला. गोजराबाईंनी लसणाची ताटली बाजूला सरकवली आणि पहिल्यांदा नरहरींकडे सरळ बघितलं.

"रत्ना गात व्हती. माजी धाकटी जाऊ. दीर गेला तवा बावीस वर्सांची व्हती ती. घाण्याला सवाष्णीच लागत्यात, तिनं मुसळाला हात लावायचा न्हाई, म्होरं यायचं न्हाई. पर तिच्यावानी गळा ह्या खोऱ्यात कुनाला न्हवता. तुमी टीव्हीवालं येनार म्हनल्यावर सासूबाय म्हनल्या, रत्ना, तू दाराआड हुबी ऱ्हाऊन म्हन, तोंड दिसाया नगं. आन मला म्हनल्या, तू व्हट हलीव."

"नंतर सांगितलं का नाही?"

"कसं सांगू? लगीन आमच्या वन्संचं. तिच्या सासरी कळलं आसतं की घाण्याला इधवेनं गानं म्हनलंय, तर उठली आसती पंगत. मग तुमचं ते सर्टिफिकीट आलं. मग ह्या निरंजननं बोर्ड लावलं. बोर्ड लावल्यावर खरं बोलायची बी चोरी झाली."

"आणि रत्नाबाई काय म्हणतात?"

"काय म्हनती? काय बी न्हाई. पाव्हनं मला गानं म्हना म्हनलं, की आतनं हासती."

मग त्यांनी आम्हाला ती जागा दाखवली. माजघराचं दार, ओटीकडे तोंड केलं की उजव्या हाताला. आता तिथे पाहुण्यांच्या कोल्ड्रिंकचा फ्रीज आहे. नरहरी फ्रीजसमोर उभे राहून एक टाळी वाजवून तिचं शेपूट ऐकत राहिले. गोजराबाईंना त्यात काही विचित्र वाटलं नसावं. त्या म्हणाल्या, "साहेब, तुमी आवाज हिकडचा तिकडं करता म्हनं. मग तिला तिच्या जागंवर ठिवा. आन खाली नाव तिचं घाला. आदी तीनदा लागला तवा मी गुमान बघितला. आता दिवाळीला परत माज्याच नावानं लागला, तर मला त्यो बघवायचा न्हाई."

निरंजन दारात उभा होता. मोटार सुरू झाल्याचा आवाज काही आला नव्हता, म्हणजे तो बराच वेळ उभा असणार.

"आय, आन बोर्ड?"

"रंग हाय ना घरात?"

"दिवाळीला सगळ्या खोल्या गेल्यात, आय! लोक तुला बघाय येत्यात."

"येऊ दे की. बघत्याल मला आन ऐकत्याल तिला. सदतीस वर्स त्येच चाललंय."

पुढचे तीन दिवस नरहरींनी आपला नियम मोडण्यात घालवले. एका दोरीवरचे कपडे आता वेगळे करायचे होते, आणि ते सगळे एकमेकांचे रंग लागलेले. पेटी आपल्या आपण आवाज पसरते, पण एकच गळा उचलून बाजूला ठेवायला तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. तेव्हा नरहरींनी तिच्या सोळा बटणांवर हाताने काम सुरू केलं. मुसळाचा ठोका खालच्या पट्टीत, तो डावीकडे. बांगड्या अगदी वर, त्याही डावीकडे. मध्ये राहिला गळा, तो फणीच्या एकेका दाताने उजवीकडे सरकवायचा. मी डावीकडे बसून ओरडायचो.

"थोडी इकडे राहिलीय!"

"किती?"

"पदर राहिलाय."

तिसऱ्या दिवशी दुपारी मी डोळे मिटले आणि डावीकडे नुसतं मुसळ उरलं. उजवीकडे, चार हातांवर, कुणीतरी दाराआड उभं राहून गात होतं. खोटं होतं ते सगळं. पेटीने बनवलेलं. पण अठ्ठ्याऐंशी सालच्या खऱ्या ध्वनिमुद्रणात ती बाई जिथे नव्हती तिथे होती, आणि या बनावटीत जिथे होती तिथे आली. यावर मी कुठेतरी लिहीन म्हणणार होतो, पण नरहरी मला आधीच म्हणाले, "लिहू नका काही."

अपूर्वाला नमुना पाठवला. तिचा लगेच फोन.

"सर, भारी झालंय, पण बाई दिसते मध्ये आणि गाणं येतं उजवीकडून. लोक म्हणतील चुकलंय."

"चुकलेलं नाही. तो तिचा पत्ता आहे." नरहरींनी तिला सगळं सांगितलं.

अपूर्वाने तो तुकडा तिथेच पुन्हा लावून ऐकला. मग म्हणाली, "सर, मग नावाची पाटी बदलू या. पण त्यांची परवानगी लागेल, लेखी नको, फोनवर चालेल. सोमवारी सकाळपर्यंत. नाहीतर जुनीच पाटी जाईल, माझ्या हातात नाही ते."

"त्यांची म्हणजे कुणाची?"

"रत्नाबाईंची, सर. विचारलंय ना त्यांना?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. शारदावहिनी आतून चहा घेऊन येत होत्या, त्या तिथेच थांबल्या.

"विचारलं नाहीत?"

"गोजराबाई म्हणाल्या..." नरहरींनी सुरुवात केली.

"तेव्हा सासूबाईंनी ठरवलं, तिने कुठे उभं राहायचं. आता तुम्ही तिघांनी ठरवलंत. मधल्या सदतीस वर्षांत सुधारणा झाली ती एवढीच, की पेटी आली." त्यांनी चहा ठेवला. तो तसाच ठेवून आम्ही गोजराबाईंना निरोप द्यायला निघालो.

रविवारी सकाळी गोजराबाई रत्नाबाईंना घेऊन आल्या. कशासाठी, ते त्यांनी वाटेत सांगितलं नव्हतं. "साहेबांनी टीव्ही दुरुस्त केलाय, बघून येऊ," एवढंच. रत्नाबाई बारीक चणीच्या, सदुसष्ट वर्षांच्या, हातात काकड्यांची पिशवी. ती त्यांनी शारदावहिनींना दिली आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या, कुणीतरी खरा मालक येईल तर उठायला बरं. नरहरींनी ती खुर्ची दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये ठेवली होती. खडूने खूण केली होती. गोजराबाई मागे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

नरहरींनी कार्यक्रम लावला.

मुसळ पडलं. बांगड्या वाजल्या. आणि उजवीकडून गाणं सुरू झालं. रत्नाबाई पडद्याकडे बघत होत्या, त्यांनी हळूच मान उजवीकडे वळवली. तिकडे स्पीकर होता आणि त्याच्यामागे आमचं भात. पडद्यावर तरुण गोजराबाई हसल्या, पदर तोंडाला लावला. खऱ्या गोजराबाई मागे खाली बघत होत्या.

गाणं संपलं. रत्नाबाईंनी मान तशीच ठेवली होती.

"ही मीच व्हय?"

"तुम्हीच," नरहरी म्हणाले.

"लई वर लावलाय सूर. तवा दम व्हता." मग मागे न बघता म्हणाल्या, "आक्का, तू ह्यासनी सांगितलंस."

"सांगितलं," गोजराबाई मागून म्हणाल्या. त्यांचा आवाज त्या वेळी खरंच बसला होता. "रत्ना, टीव्हीत खाली तुजं नाव घालायचं म्हनत्यात. तू व्हय म्हनलीस तरच. न्हाई म्हनलीस तर उंद्या माज्याच नावानं जाईल. मला ते नगं हाय. पर तू म्हनशील तसं."

रत्नाबाईंनी हात मांडीवर घेतले. कुठेतरी लांब पर्यटकांची जीप चढ चढत होती. नरहरींनी पेटीच्या एका बटणावर बोट ठेवलं होतं, ते काही फिरवायचं नव्हतं, नुसतं धरायला.

"वन्सं काय म्हनत्याल?"

"वन्संला चार नातवंडं झाली, रत्ना. तिच्या सासऱ्याला जाऊन वीस वर्स झाली. कोन काय म्हनायचं राहिलंय?"

"म्हंजी माज्या आवाजानं काय इस्कटलं न्हाई."

"काय बी न्हाई."

"चार नातवंडं," रत्नाबाई स्वतःशीच म्हणाल्या. जणू त्या आज पहिल्यांदाच मोजत होत्या. मग नरहरींकडे वळल्या. "घाला नाव. सगळं घाला, रत्नाबाई म्हनून. नुसतं रत्ना नगं, त्यात पोरगी वाटती."

शारदावहिनी आत निघून गेल्या, कांद्याचं काहीतरी निमित्त करून. कांदे तिथे बाहेरच होते. गोजराबाई भिंत सोडून पुढे आल्या आणि शेवटी खाली, जावेच्या पायाशी, फरशीवर बसल्या. नरहरींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि घसा साफ केला. मला भीती वाटली की आता आग आणि दोन कान येणार.

"रत्नाबाई," ते म्हणाले, "माझ्या सगळ्या नोकरीत..."

"साहेब, परत येकदा लावता का?"

नरहरींनी लावलं. या वेळी रत्नाबाई डोळे मिटून बसल्या. ओठ हलत होते. गोजराबाईंचेही हलत होते, सवयीने. पहिलं कडवं झालं, दुसरं सुरू झालं, आणि रत्नाबाईंनी हात वर केला. नरहरींनी लगेच थांबवलं.

"येक काम कराल का, साहेब?"

"सांगा ना. काहीही सांगा."

त्यांनी डावीकडच्या स्पीकरकडे बोट दाखवलं.

"त्या डब्यातलं आक्काचं मुसळ जरा बंद करा. माजं गानं ऐकू येईना."